सेंट कॉर्व्हिनची फाइल

१

सोमवारी सकाळी फाइल गायब असल्याचं उघड झालं, तेव्हा तिकडे सेंट कॉर्व्हिनमध्ये दोन पोलीसचौक्या जळून गेल्या होत्या आणि इकडे गुणवंत समेळांचा पहिला चहाही झाला नव्हता.

सेंट कॉर्व्हिन म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट. राष्ट्राध्यक्षाला वर्षापूर्वी गोळ्या घातल्या गेल्या, निवडणूक दोनदा पुढे ढकलली, कारभार एका हंगामी मंडळाकडे. त्या मंडळाने पोलिसांसाठी चोवीस चिलखती गाड्या मागवल्या होत्या आणि त्या दुबईजवळच्या जबल अलीतली एक कंपनी बनवत होती. समेळ त्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. आलेला, गेलेला प्रत्येक कागद त्यांच्या कपाटातून जायचा. आखातात सव्वीस वर्षं झाली होती, वय एकोणसाठ, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. आणखी एक वर्ष रेटायचं आणि पुण्याला स्मिताकडे परत जायचं, एवढाच बेत उरला होता.

जनरल मॅनेजर जमाल अम्मानचा. रागावला की आवाज खाली जायचा. आज तो जवळजवळ कुजबुजत होता.

"हे बघ, हबीबी."

त्याने टॅब पुढे केला. सेंट कॉर्व्हिनच्या एका वर्तमानपत्राने शनिवारी पहिल्या पानावर एक पत्र छापलं होतं. पत्र फ्लोरिडातल्या 'कोरल रीच' या सल्लागार कंपनीचं, जमालच्या नावाने. गाड्या बंदरात उतरल्यावर पोलिसांच्या नव्हे, 'आमच्या माणसांच्या' ताब्यात द्याव्यात आणि याची वाच्यता करू नये, असा मजकूर. वर कंपनीचं नाव, खाली सही, सहीवर अर्धा चढलेला गोल शिक्का.

बेटावर गेलं वर्षभर लोक म्हणतच होते की सगळ्यामागे अमेरिका आहे. आता हातात कागद आला. रविवारी चौक्या पेटल्या, तीन माणसं गेली. मंडळाने गाड्यांची ऑर्डर थांबवली.

"असं पत्र मला आलेलंच नाही," जमाल म्हणाला. "पण कोरल रीचची फाइल काढायला गेलो, तर कपाटात फाइलच नाही. स्कॅनरची नोंद पाहिली. शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी, हाच कागद स्कॅन होऊन थेट त्या पेपरला मेल झालाय. लॉगिन तुझ्या मुग्धाचं."

"लॉगिन तिचं आहे. हात कोणाचा?"

"ते पोलीस बघतील. उद्या दहा वाजता मी तक्रार देतोय." जमालने टेबलाचा खण उघडला. आत निळा भारतीय पासपोर्ट होता. "हा तिने स्वतःहून दिला नाही, मी मागून घेतला. तुला काही शोधायचं असेल तर उद्या दहापर्यंत शोध. यल्ला, लाग कामाला."

२

मुग्धा चौबळ समेळांच्या हाताखाली चार वर्षं काम करत होती; घरी नवरा नीरव आणि शाळकरी मुलगी दिया. कागदाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी सरळ करणारी मुलगी. आज ती रिकाम्या टेबलाशी हात मांडीत घेऊन बसली होती.

"काका, स्कॅनरचा पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून झाकणावर डकवलाय. तुम्हीच म्हणाला होतात, सारखं मला उठवायला नको म्हणून."

"मीच म्हणालो होतो," समेळांनी कबूल केलं. "शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी तू कुठे होतीस?"

"साडेबाराला निघाले. ऊद मेथाला, दियाच्या शाळेत. पार्किंग मिळेना म्हणून दोनपर्यंत गाडीतच बसले. एकटी."

"कोणी पाहिलं?"

"कोण बघणार? मी पण कोणाकडे बघत नव्हते." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. "नीरवने वकिलाला फोन केला. वकील म्हणतो, गुन्हा शाबित झाला तर पाच लाख दिरहमपर्यंत दंड. म्हणजे सव्वा कोटी रुपये. आणि तुरुंग वेगळाच. दोन वर्षं मी घरी गेले नाही, काका. बाबांच्या वर्षश्राद्धालासुद्धा नाही. आता जाईन ते डिपोर्ट होऊनच."

समेळांनी तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं मनात आणलं आणि मग नुसताच टेबलावरचा कागदाचा पंच सरकवला.

"कपाटाच्या किल्ल्या चौघांकडे. तू, मी, जहूर, सुजीत. जमालकडे सगळ्या खोल्यांची मास्टर, म्हणजे पाच. त्यातला मी शुक्रवारी दवाखान्यात होतो, गुडघ्याला सुई टोचून घेत. डॉक्टर साक्षीला येईल. राहिले चार."

"चौघांत मी पण आहे ना?"

"आहेस," समेळ म्हणाले. "तुला वगळलं, तर बाकीचं कोणी मानणार नाही."

३

जहूर हैदराबादचा. कंपनीची सगळी सरकारी कामं तो बघायचा: व्हिसे, परवाने, टायपिंग सेंटरच्या रांगा. कंपनीचा शिक्का त्याच्या खिशात असायचा, बायको मागे लागली तरी तो घरी काढून ठेवायचा नाही.

"समेळसाब, लड़की ने नहीं किया," समेळ बसायच्या आतच तो म्हणाला. "मैं क़सम खाऊँ?"

"कसम नको. शुक्रवारी कुठे होतास?"

"जुमे में. जमालसाब के बाज़ू में. आगे की सफ़ में, पहली लाइन में. वापसी में उनकी गाड़ी में बिर्याणी खाने गए, अल्लाह गवाह और वेटर भी गवाह."

म्हणजे दोघांची एकदम सुटका. समेळांनी मनातल्या यादीतून जमाल आणि जहूर ही दोन नावं खोडली आणि त्यांना बरं वाटलं नाही. उरली ती दोन्ही नावं मराठी होती.

जहूर एका पत्रावर ठसे उमटवत होता. पानापानावर, सहीवर, जोडपत्रावर. ठसा अर्धवट आला की तोंडातल्या तोंडात शिवी.

"नवा करून घे की," समेळ म्हणाले.

"बोलना आसान है साब! पिछले महीने गया था. दुकानवाला बोला, ट्रेड लायसेन्स की कॉपी लाओ, आयडी लाओ, मालिक का ख़त लाओ. यहाँ मोहर बनवाना शादी करने से मुश्किल है. लायसेन्स नहीं तो मोहर नहीं, खलास." त्याने पत्र उजेडात धरलं. "और मोहर नहीं तो काग़ज़, काग़ज़ नहीं. बँकवाला मुँह पे फेंकता है."

समेळ उठले आणि दाराशी थांबले.

"जहूर, तू हैदराबादला शेवटचा कधी गेला होतास?"

"तीन साल. क्यों?"

समेळ नुसते हात हलवून निघाले. 'क्यों'चं उत्तर त्यांनाही अजून नीट दिसत नव्हतं.

४

सुजीत धामणकर खरेदी विभागाचा प्रमुख. चाळिशीचा, हसतमुख, खलिफा सिटीत बंगला भाड्याने घेतलेला. टेबलावर आंबाबर्फीचा डबा उघडा होता.

"घ्या ना साहेब. गेल्याच महिन्यात पुण्याहून आणलीय. पुतण्याची मुंज होती."

समेळांनी एक तुकडा घेतला. नाही म्हणायलाही ताकद लागते.

"काय वाटतं तुला?"

"मला? साहेब, खरं बोलू? पत्र शंभर टक्के ओरिजिनल आहे. अमेरिका आहे ती. छोट्या देशात आधी गोंधळ, मग मदत, मग मुक्काम. पॅटर्नच आहे. जमालसाहेब नाही म्हणणारच, ते हो म्हणतील का?"

"आणि मुग्धा?"

सुजीतने मान तिरकी केली. "पोरगी भावनाप्रधान. वाचलं असेल, राहवलं नसेल. मी तर म्हणतो, चांगलंच केलं. पण पद्धत चुकली."

"शुक्रवारी तू कुठे होतास?"

"लंचला. इथेच, मरीनाला. एकटाच. बायको माहेरी आहे." तो हसला. "ॲलिबाय नाही साहेब, पण मोटिव्हही नाही. उलट माझंच नुकसान. ऑर्डर गेली, गुरुवारची तपासणी गेली. तो तपासणी कंपनीचा इन्स्पेक्टर पोलादी प्लेटचे तुकडे कापून न्यायला येणार होता ना, तोही आता येत नाही. महिनाभराची तयारी पाण्यात."

"महिनाभर तयारी चालली होती?"

"मग काय!"

समेळ आपल्या खोलीत परतले. बर्फी अजून जिभेवर होती. सुजीतने न विचारता एक गोष्ट सांगून टाकली होती: पत्रामुळे काय काय थांबलं. त्या यादीत शेवटी आलेली तपासणी समेळांना पहिली वाटत होती.

५

दुपारभर समेळ आणि मुग्धा कागद चाळत बसले.

कोरल रीचची फाइल नव्हती. पण फाइल नेणाऱ्याला एवढंच ठाऊक होतं की त्या कंपनीचे कागद त्या फाइलमध्ये असतात. अमेरिकेतून कंपनीला आणखीही पत्रं येत. ओहायोहून ॲक्सल यायचे, टेक्सासमधून टायर, आणखी कुठून काचा. समेळांनी ती सगळी पत्रं काढून टेबलावर पसरली. एकतीस भरली.

"काय शोधतोय आपण?" मुग्धाने विचारलं.

"नुसती बघ. मग त्या पेपरातलं पत्र बघ."

ती बघत राहिली. एसी घरघरत होता. बाहेर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. पाचएक मिनिटांनी तिने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला.

"एकातही नाही, काका."

"एकातही नाही," समेळ म्हणाले. "आता स्कॅनरच्या पोटात मूळ चित्र असेल. पेपरने काळंपांढरं छापलंय. मला रंगीत हवंय."

पडद्यावर ते पत्र उमटलं. समेळांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि ते खुर्चीत मागे टेकले. सव्वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या कचेरीचा वास त्यांना आठवला.

"आता पोलादाचे दाखले काढ," ते म्हणाले. "चोवीस गाड्यांचे."

चिलखती पोलाद येतं ते दाखल्यासकट. कोणत्या दिवशी ओतलं, किती टन, गोळी अडवतं की नाही. चोवीस गाड्यांना साठ टन लागतं. फाइलमध्ये चोवीस दाखले होते, पण मुग्धाने ते एकमेकांवर ठेवून उजेडात धरले तेव्हा ते एकाच दाखल्याच्या चोवीस प्रती निघाल्या. त्यावर आकडा होता नऊ टन. खरेदी मंजूर करणाऱ्याची सही: सुजीत धामणकर.

"मग बाकीचं एक्कावन्न टन कुठलं?" मुग्धाचा आवाज बारीक झाला.

"ते गुरुवारी कळलं असतं."

तिने दाखल्यावरची तारीख वाचली. मे महिना. मग गाड्यांची यादी वाचली आणि खुर्चीत बसली.

"पहिल्या चार गाड्या मार्चमध्येच बेटावर गेल्यात, काका. हा दाखला त्यांच्यानंतरचा आहे. त्यांच्या पोलादाला दाखलाच नाही. आणि आत पोलीस बसतात."

६

मंगळवारी साडेनऊला जमालच्या खोलीत पाच माणसं होती. समेळांनी बसूनच बोलायची परवानगी मागितली.

"पत्र खोटं आहे," ते म्हणाले. "ते अमेरिकेत लिहिलं गेलं नाही. शिक्का बघा."

"शिक्का आहे की," जमाल म्हणाला.

"तेच. अमेरिकन कंपनीच्या पत्रावर शिक्का नसतो. ते सही करतात, संपलं. आपल्याकडे आलेली एकतीस पत्रं मी काल पाहिली, एकावरही नाही. कोरल रीचच्या खऱ्या पत्रांवरही नसणार. म्हणून ती फाइल गेली. कोणी शेजारी ठेवून बघितलं असतं तर संपलं असतं. शिक्क्याशिवाय कागद पुरा होत नाही, हे आपल्याला वाटतं. इथे वीस वर्षं काढलेल्या माणसाला. त्याने पत्र मन लावून बनवलं आणि सवयीने पुरं केलं."

"सवय सगळ्यांनाच आहे," सुजीत म्हणाला. "मुग्धालाही."

"आहे. पण शिक्का बनवायचा कुठे? जहूर?"

"यहाँ? फ्लोरिडा का लायसेन्स कौन लाएगा? कोई दुकान हाथ नहीं लगाएगी."

"म्हणजे बाहेर बनवला. आता रंग बघा." समेळांनी रंगीत प्रत पुढे केली. "इथली शाई निळी. ही जांभळी."

जहूरने प्रत ओढून घेतली. "अरे! ये तो अपने यहाँ की स्याही है. तहसील वाली, स्कूल वाली."

"भारतात कोपऱ्यावरच्या दुकानात दहा मिनिटांत शिक्का मिळतो. नाव काय, गाव काय, कोणी विचारत नाही. सोबत शाईचं पॅडही देतात. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी तुम्ही दोघं मशिदीत होतात. राहिले दोघं. मुग्धा दोन वर्षांत भारतात गेलेली नाही. तिचा पासपोर्ट तुमच्याच खणात आहे, शिक्के मोजा. सुजीत गेल्या महिन्यात पुण्याला होता."

मग सुजीत हसला, पण तोंडानेच.

"एवढं करून मला काय मिळणार, साहेब?"

"गुरुवार टळला." समेळांनी चोवीस दाखले टेबलावर ठेवले. "जमालसाहेब, यांतला एकच खरा आहे. गाड्यांना साधा पत्रा लागलाय. इन्स्पेक्टरला थांबवायचं तर ऑर्डरच थांबायला हवी होती, आणि तीही अशा कारणाने की जबल अलीकडे कोणी बघूच नये. अमेरिकेचं नाव घेतलं की कोणी पुरावा मागत नाही. हे सुजीतला बरोबर समजलं होतं."

"मला वाटलं, नुसती ऑर्डर कॅन्सल होईल," सुजीत म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "चौक्या जाळतील असं कोणाला वाटलं होतं? आणि हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. पोलाद स्वस्त घ्या, असं सांगितलं कोणी?"

त्याने जमालकडे पाहिलं. जमालने खिडकीकडे.

"सगळे बाहेर जा," जमाल कुजबुजला. "समेळ, तू थांब."

दार लागल्यावर त्याने खणातून पासपोर्ट काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"तक्रार नाही. मुलगी मोकळी. सुजीत राजीनामा देईल. दाखले मात्र या खोलीतून बाहेर जाणार नाहीत. बाकी गाड्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळेल, इन्शाल्ला. मंजूर?"

समेळांना खूप दमल्यासारखं वाटलं. हा सौदा होणार हे त्यांना रात्रीच कळलं होतं.

"दाखले सकाळी सात वाजता गेले, जमालसाहेब. तपासणी कंपनीला, सगळे, माझ्या सहीने. आता तुम्ही मुग्धावर तक्रार दिलीत, तर त्या तक्रारीसोबत ही फाइलही कोर्टात उघडेल. तुम्हालाच ते नको असेल."

जमालने डोळे मिटले. मग एका बोटाने पासपोर्ट पुढे ढकलला.

"तुझा व्हिसा मी रद्द करतोय."

"हो," समेळ म्हणाले. "तसंही एकच वर्ष राहिलं होतं."

७

रविवारी संध्याकाळी समेळ डिस्कव्हरी गार्डन्समध्ये चौबळांकडे निरोप घ्यायला गेले. एसी खडखडत होता. नीरवने पोहे केले होते. दिया दारातूनच म्हणाली, "हाय अंकल, आई इज ऑन द बाल्कनी," आणि आत पळाली.

मुग्धा बाल्कनीतून आत आली; ती नव्या नोकरीचे अर्ज भरत होती. जमालच्या कंपनीत ती परत गेली नव्हती.

"वाचलंत?" तिने फोन दाखवला. सेंट कॉर्व्हिनच्या पेपरात बातमी होती: पत्र खोटं असल्याचा दुबईचा खुलासा, खुलाशामागे अमेरिकेचा दबाव.

समेळांनी वाचलं आणि फोन परत दिला. "पोहे गार होतायत."

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. नंबर परदेशातला. पलीकडे एक बाई होती, त्याच पेपरची बातमीदार. दाखल्यांच्या मेलखाली समेळांचा नंबर होता, तो तपासणी कंपनीने तिला दिला होता. समेळांनी फोन स्पीकरवर टाकला. तिकडे सकाळ होती, कुठेतरी कोंबडा ओरडत होता.

"म्हणजे आमच्या देशात अमेरिकेचा हात नाही, असं तुमचं म्हणणं?" तिने इंग्रजीत विचारलं. तीही थकलेली वाटत होती.

"तुमच्या देशाबद्दल मला काही माहीत नाही," समेळ म्हणाले. "असेलही. कोरल रीच तिथे काय करते, तेही मला ठाऊक नाही. मी एका कागदाबद्दल सांगू शकतो. तो इकडे बनला."

"एका कागदाने इथे कोणाचं समाधान होत नाही."

"कळतंय."

तिने विषय बदलला. "तुमच्या चार गाड्या रोज माझ्या खिडकीखालून जातात. पोलीस म्हणतात, गोळी लागली तर काही होत नाही. खरं आहे का?"

समेळांनी मुग्धाकडे पाहिलं. ती आधीच आत जाऊन वही घेऊन आली होती.

"त्या चार गाड्यांच्या पोलादाला दाखला नाही," मुग्धा फोनकडे वाकून म्हणाली. "माझ्याकडे चेसिस नंबर आहेत. लिहून घ्या. पोलिसांना सांगा, कापून तपासा. तोवर कोणी आत बसू नका."

तिने चारही नंबर वाचले. बाईने परत वाचून दाखवले. एक आकडा चुकला होता, तो मुग्धाने सुधारला.

"हे छापायचं तर माणूस लागेल," बाई म्हणाली. "मागच्या वेळी पत्राखाली खरं कोणीच नव्हतं, आणि मी छापलं. तीन माणसं गेली. आता नाव असल्याशिवाय मी एक ओळ छापणार नाही."

"माझं घ्या," समेळ म्हणाले.

"तुमचं सुरुवातीलाच लिहिलंय. पण तुम्ही आत्ता नंबर वाचले नाहीत. त्या वाचत होत्या."

मुग्धाने मान वर केली. मंगळवारी ज्या नावावर तक्रार दाखल होणार होती, तेच नाव बातमीदार आता मागत होती. स्वयंपाकघराच्या दारात नीरव उभा होता. वकिलाचा पाच लाखांचा आकडा त्यालाही पाठ होता. त्याने पुढे येऊन खडखडणारा एसी बंद केला, पलीकडे नीट ऐकू जावं म्हणून.

"मुग्धा चौबळ," ती म्हणाली, आणि एकेक अक्षर सावकाश सांगू लागली.